कॉर्क तेवढं घालू नका

नाही नाही, ओक नकोच — आत या आधी, दारात उभं राहून फरशीची बोलणी होत नाहीत, आणि बूट कशाला काढताय, राहू द्या. बसा. ते फळ्यांचे नमुने इथे टेबलावर ठेवा, आणि हे गुंडाळलेलं काय? कॉर्क? फरशीच्या खाली घालायला? अस्सं. कुजबुजायची गरज नाही हो, नीन्के त्या पाळण्यात झोपलीय, पण आवाजानं उठणारी नाही ती. तुम्ही वर राहायला येणार म्हणून खालच्या बाईला विचारायला आलात — चांगली रीत आहे तुमची, खरंच. खालची बाई कटकट करेल असं वाटलं असेल — कोणी सांगितलं, जिन्याजवळच्या त्या होकस्ट्राबाईनं? वाटलंच.

कॉफी घ्या. बिस्किट घ्या. दुसरंही घ्या — माहितीय मला, डबा दुसऱ्यांदा पुढे केला की लोकांना वाटतं हिचं काहीतरी काम असणार. वाटू दे.

हं, तर ओक. दिसायला देखणं, मी कुठे नाही म्हणते. पण खरं लाकूड म्हणजे नखरे — हिवाळ्यात हीटर लावला की आक्रसतं, फटी पडतात, फटीत ब्रेडचा चुरा जातो, पावसाळी दिवसांत फुगतं, आणि इथे पावसाळी नसलेला दिवस कुठला. माझ्या दिराकडे ओक होतं ना — मधोमध अशी उचलली गेली फरशी, बैठकीत टेकडी, खुर्ची ठेवली की घरंगळत भिंतीपाशी. काय? होकस्ट्राबाई म्हणाली योरिट एकुलता एक? माझ्या नवऱ्याला भाऊ किती हेसुद्धा सांगत फिरते का ती? बरं, दीर नाही, दिरासारखाच, योरिटच्या बोटीवरचा एक जण. टेकडी खरी होती. टेकडी म्हणजे — उंचवटा.

लॅमिनेट घ्या, माझं ऐका. ओक एकदा चिकटवलंत की अडकलात. घर भाड्याचं — उद्या लग्न केलंत, दुसरीकडे गेलात, तर काय खरवडत बसणार? लॅमिनेट कसं, फळीत फळी अडकवायची, जाताना सोडवायची, गाडीत टाकायची. वीरडाबाई, तुमच्या आधी वर राहायची ती म्हातारी, मुलीकडे राहायला गेली तेव्हा अख्खी फरशी उचकटून बरोबर घेऊन गेली. नेणारच, तिनंच घातलेली. म्हणून तर तुमच्या वाट्याला नुसतं सिमेंट आलंय.

आणि कॉर्क तेवढं घालू नका. नियम? नियम मलाही माहितीय, खाली आवाज जाऊ नये म्हणून जाड थर घालायचा. पण नियम कोणासाठी — खाली राहणाऱ्यासाठी. खाली राहतं कोण — मी. मग मीच सांगतेय ना, पातळ घाला, अगदी पातळ, नावापुरता, कागदासारखा. तक्रार करणारीही मीच, आणि मी काही करायची नाही. असे बघता काय, डोकं ठिकाणावर आहे माझं.

वीरडाबाईकडे लॅमिनेटच होतं, आणि त्याखालचा थर पार चपटा झालेला. घरात टाचांचे बूट घालायची — म्हणायची, सपाता म्हाताऱ्यांनी घालाव्यात. टक टक टक खिडकीपाशी, टक टक स्वयंपाकघरात, मग नळ, मग परत टक टक. नीन्के पोटात होती तेव्हापासून हेच ऐकत आलीय, तिची तीच अंगाई. आता वर काही वाजत नाही म्हटल्यावर पोर झोपायलाच तयार नाही — मग मी व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवते, खोलीच्या मधोमध, नुसताच. आत्ता बघा कशी गाढ झोपलीय — का माहितीय, सकाळपासून तुम्ही वर सामान ओढताय म्हणून. माफी कसली मागता, ते कपाट अजून एकदा हलवलंत तरी चालेल.

पोरीसाठीच म्हणतेय मी. माझं काय. मी तर मध्येच उठून बघते, एवढंच — श्वास चाललाय ना. नाकापाशी बोट धरते. मग ती दचकून उठते, रडते, आणि मला बरं वाटतं, रडतेय म्हणजे ठीक आहे. योरिट अर्धा महिना बोटीवर, वाळू घेऊन ऱ्हाईन नदीतून वर — म्हणतो, फोन कर. काय सांगू फोनवर, इथे फार शांत आहे म्हणून? शांत आहे म्हणून कोणी फोन करतं? वीरडाबाईला झोप नव्हती. वर टक टक सुरू झालं की मला कळायचं, कोणीतरी जागं आहे. दार वाजवलं असतं तर उघडलं असतं तिनं. मी कधी वाजवलं नाही, गरजच पडली नाही, ती चालत होती ना. हिला ताप आला तेव्हासुद्धा — जाऊ दे. आता डोक्यावर नुसतं सिमेंट, आणि मी आपली छताकडे बघत —

काय बोलत बसले मी. फरशीचं चाललं होतं. घर तुमचं, तुम्हाला ओक आवडतं, ओक घाला, खाली कॉर्क घाला, वरून गालिचा अंथरा. मी कोण सांगणारी. खरंच सांगते. होकस्ट्राबाईपाशी मात्र यातलं काही काढू नका, ती लगेच बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सला सांगेल, आणि नर्स मग मान तिरकी करून माझं ऐकून घेईल — ती तिरकी मान मला नाही बघवत.

हं? कॉर्क कशासाठी आणलंत म्हणता? बेकरीत आहात तुम्ही? मग निघता किती वाजता? अहो, त्याला पहाट नाही म्हणत, ती रात्रच. रोज? बरं, रविवार सोडून. आणि उठून काय करता — थांबा, नीट सांगा — लगेच बाहेर पडता की जरा फिरता घरात? बूट घरातच चढवता? जाड तळव्यांचे? मग एवढा वेळ मला टेकड्या रचायला का लावल्यात, हे आधी सांगायचं नाही का. त्याच वेळेला उठते ही दूध प्यायला. तुम्ही वर कॉफी करणार, मी खाली दूध पाजणार. आणि हा माणूस त्यावर कॉर्क घालायला निघालाय.

लॅमिनेट. पातळ थर. ठरलं. रंग तुमच्या आवडीचा, त्यात मी लुडबुड करत नाही — तरी हा फिकट घ्या, बुटाला चिकटून पीठ आलं तर दिसणार नाही त्यावर. उठा आता, दुकान बंद होईल. ते बिस्किट खिशात टाका, वाटेत खा. निघा हो, माझं काम झालं. आणि दार असं हळूच ओढून घेऊ नका — आपटा.