गणबाचं ढेकूळ

ऐका. शेकोटीत अजून चार तुराट्या टाका आणि जरा जवळ सरका. ज्याला घरी जायचंय त्यानं आत्ताच उठावं, मधेच उठायचं नाही.

पल्याड निजामाचा मुलूख होता आणि अल्याड इंग्रजाचा, तेव्हाची ही गोष्ट. आपलं बोरखळी अल्याड, धानोरा पल्याड. मधली सीना हीच हद्द. एका सालच्या पुरात नदी उठली आणि पाव कोस पलीकडं जाऊन वाहायला लागली. जुनं पात्र कोरडं पडलं. जुनं पात्र आणि नवी नदी यांच्यामधे काळ्या जमिनीचा एक पट्टा उरला. आता तो कुणाचा? आपले म्हणत, नदी ही हद्द, म्हणजे आमचा. ते म्हणत, जमीन जागची हलली नाही, हलली ती नदी. डोकी फुटली. शेवटी जुन्या रिवाजानं ठरलं. एका माणसानं ओलेत्यानं, अनवाणी, त्याच पट्ट्यातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि शीव चालायची. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर पंधरवड्यात मरतो.

आपल्याकडून गणबा चालला. नव्या नदीच्या काठाकाठानं चालला आणि पट्टा आपला झाला. पण डोक्यावरचं ढेकूळ पट्ट्यातलं नव्हतंच. त्यानं ते स्वतःच्या खळ्यातून आणलं होतं. वाटलं असेल, आपलीच माती, ती आपल्याला काय करणार. पाचव्या रात्री गेला. बसल्या जागी गेला. मान खांद्यात रुतलेली, वरून कुणी दाबल्यासारखी. तेव्हापासून अंधार पडल्यावर ती काठाची वाट कुणी धरत नाही.

येदूनं धरली.

येदू विशीचा पोरगा. शाळेत दोन इयत्ता काढल्या न काढल्या. आधी करायचं, मग विचार करायचा, असलं डोकं. बाप लहानपणीच गेला, थोरल्या भावानं वाढवला. सुभाना नाव त्याचं. सुभाना धानोऱ्यात सालगडी होता. मार्गशीर्षात कडबा रचताना त्याला पान लागलं, घोट्यावर दोन दात उमटले. दुसरं नाव रात्री घ्यायचं नाही, समजून घ्या. निरोप मिळून येदू पळत गेला तोवर सगळं उरकलं होतं. त्याला भावाचं तोंडसुद्धा दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं राख सावडली, अस्थी धडप्यात बांधल्या. घरी आई उंबऱ्यात बसून होती. सुभाना घरात आल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही म्हणाली होती. तीन दिवस घेतला नव्हता.

दिवस मावळला होता. मालक म्हणाला, उजाडल्यावर जा, नाहीतर जकातीच्या नाक्यावरून फेरानं जा. येदू म्हणाला, तोवर माझी आई मरंल. मालकाची म्हातारी दारापर्यंत आली. तिनं एवढंच सांगितलं, "वाटंत गाठोडं भुईला टेकवू नको, लेकरा. टेकलं तर तो तिथंच राहील."

निघाला. नदीत गुडघाभर पाणी. पार झाला. काठावर चढला. तिथून शिवेची वाट, कडेला चुना लावलेले हद्दीचे दगड. गाठोडं डोक्यावर, एक हात गाठीला. चालतोय. एक दगड गेला, कान तुटलेला. पुढं गेला, परत कान तुटलेला दगड. असेल, म्हणाला. पुढं गेला. तोच दगड. डाव्या हाताला नदीचा आवाज, तोही जागचा हलेना. येदूनं शिवी हासडली आणि पाय उचलले.

मग खांद्यावर माती पडली. चिमूटभर. वर झाड नाही, दरड नाही. परत पडली. ओली होती.

आणि पुढं माणूस दिसला. पाठमोरा. ओलं धोतर, अनवाणी पाय, डोक्यावर ओझं. सावकाश चाललेला. येदू जवळ गेला तसा तो थांबला. वळला नाही.

"पाव्हणं, जरा हात लावता का?"

आता तुम्हीच सांगा. डोक्यावर ओझं असलेल्या माणसानं हात लावा म्हटल्यावर नाही कोण म्हणतं आपल्यात? वैऱ्याचा भारा असला तरी आपण उतरू लागतो. येदूचा उजवा हात आपसूक वर गेला. बोटं लागली. ओलं होतं, ऊन होतं, आणि जड. हाताला जात्याची पाळी लागावी तसं. अर्धा भार त्या हातात उतरला, आणि हात सुटेना.

"एका हातानं न्हाई व्हायचं. दुसरा लाव."

आवाज बदलला होता. ऐका, पोरांनो. तो सुभानाचा आवाज होता. तसाच बसका, चिलमीनं खरवडलेला.

"येदू, उतरव रं. मान गेली माझी. ते गाठोडं ठिव खाली अन् दोन्ही हात लाव."

तीन दिवस रडू आलं नव्हतं, ते आलं. ज्यानं खांद्यावरून जत्रा दाखवली, तो भाऊ आज पहिल्यांदा काहीतरी मागत होता. येदू खाली वाकला. धडप्याची गाठ भुईपासून वीतभर राहिली. आतली हाडं एकमेकांवर वाजली. एवढीशी वाजली.

तो तसाच वाकलेला थांबला.

"दादा," तो म्हणाला, "तू हितं हाईस, तर मग ह्यो कोण?"

वरून माती पडायची थांबली. मग तो माणूस वळायला लागला. धड वळलं, मान नाही वळली. मान नव्हतीच. खांद्यावरच ढेकूळ होतं.

येदूनं गाठ दातात धरली, डावा हात उजव्याच्या मनगटाला घातला आणि हिसडा दिला. हात सुटला. तो पळाला, पण वाटेनं नाही. वाट सोडून आडवा, पट्ट्यातून, बाभळीतून, काट्यातून. मागून भावाचा आवाज येत होता, येदू, येदू, पण आवाज काठावरच राहिला. गणबाला शीव सोडता येत नाही. जुनं पात्र ओलांडलं तेव्हा कुत्री भुंकली. घराचा दिवा दिसला.

आईनं गाठोडं पदरात घेतलं, उघडलं. हाडांवर ओल्या मातीचा एक गोळा होता, लिंबाएवढा. तिनं तो बोटानं बाजूला केला, सुभानाला तोंड लावलं, आणि मग पाणी प्यायली.

येदूचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. अस्थी त्यानं डाव्या हातानं सोडल्या. पुढं साठीपर्यंत जगला, मी त्याला पाहिलाय. एकदा मी विचारलं, काका, भीती नाही वाटली? तो म्हणाला, वाटली की. त्यानंतर तीनदा परत गेलो होतो अंधारात. जुन्या पात्रापर्यंत. दादाचा आवाज ऐकायला.

म्हणून सांगतो. दिवेलागणीनंतर काठाची वाट धरायची नाही. आणि ज्याच्या घरचं माणूस नुकतंच गेलंय, त्यानं तर दिवसासुद्धा नाही. बाकीच्यांना गणबा परक्याच्या आवाजात हाक मारतो.