कॉम्प्युटर उठेपर्यंत

संगमनेरच्या एका कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. खिडकीशी भागूबाई क्लार्कचा पिच्छा सोडत नव्हती आणि तिची लेक भारती मागं लाजेनं मान खाली घालून ऐकत होती.

“मावशी, थांबा. कॉम्प्युटर अजून सुरू होतोय.”

“कवा उठायचा त्यो?”

“वीस मिनिटं लागतात. दोनदा बंद करून परत चालू केला.”

“म्हंजी उठता उठता तुमीच निजवला व्हय?”

“तसं नाही. त्याची मेमरी कमी पडते.”

“मंग माझ्या लेकीचे मार्क ऱ्हानार का त्याच्या ध्यानात?”

क्लार्कनं रजिस्टर उघडलं. भारतीचं नाव शाईनं लिहून झालं, तेव्हा कुठे स्क्रीन उजळला.

“उठला बघा, मावशी.”

“निजू द्या त्याला. आमचं झालं.”