तासाचा बाक

मी तिथे नव्हते! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मॅडमनी ऐकलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली... मारोतरावांनी ज्या सकाळी सायकलच्या चाकाने बेसा रोड मोजला, त्या सकाळी मी तिथे नव्हते, चाकाचा एक फेरा मी पाहिला नाही, आणि तरीही त्या एका सकाळीपायी मला, तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईला, गेल्या महिन्यात चहाच्या टपरीवर आरोपीसारखं उभं राहावं लागलं! उभं! तेही कुणापुढे? अश्विनपुढे! ज्याला बुटाची नाडी सुटणार नाही अशी बांधायला मी शिकवलं, त्या अश्विनपुढे!

थांबा, क्रमाने सांगते. क्रम सोडला की माझं मलाच पटत नाही.

तर आमचा हा धावणाऱ्यांचा गट. दोन हजार तीन साली आम्ही चौघं होतो. महाल भागात भांड्याचं दुकान असलेले मारोतराव, बँकेतला धर्मेंद्र, हर्षा, आणि धरमपेठेतून स्कूटरवर कुडकुडत येणारी मी. आता साठेक जण आहेत, एकसारख्या टी-शर्टातले, प्रत्येकाच्या मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ. तेव्हा घड्याळ एकच होतं, मारोतरावांचं, आणि ते कुणाशीही बोलत नसे. दर रविवारी मानेवाड्याच्या बाजूने बेसा रोडवर सुटायचं, दोन्हीकडे तुरीची शेतं, मधूनच एखादी बैलगाडी, धुकं असलं तर पुढचा माणूस नुसता पावलांच्या आवाजावरून ओळखायचा... आणि परत आलं की सिंधूताईंच्या टपरीवर तर्री-पोहे, चहा, आणि आठवड्याचं सांगणं. म्हणजे प्रत्येकाने आपला आठवडा सांगायचा, खरा-खरा. हर्षा म्हणायची, "मंगळवारी सहा, गुरुवारी आठ, शनिवारी सासूबाई आल्या." धर्मेंद्र म्हणायचा, "बुधवारी दोनशे मीटर आयुष्यात पळालो नाही इतका पळालो, कुत्रं होतं मागं." आणि प्रत्येकाचं सांगून झालं की मी विचारायची, "पुरावा काय?" ही माझी सवय. वाईट सवय आहे असं आता वाटतं, पण तेव्हा मला तो गुण वाटायचा.

आणि टपरीपुढे एक बाक होता. अजून आहे. लाकडी, एक पाय विटेवर. त्या बाकाचा नियम मारोतरावांनी घातला: जो दहा किलोमीटर तासाच्या आत पळेल, तो बसून चहा पिईल. बाकीचे उभ्याने! वय, पद, डिग्री काही चालायचं नाही. एकदा एक मोठे अधिकारी पहिल्यांदाच आले आणि ऐटीत बसले, तर मारोतराव इतक्या गोडीत म्हणाले, "साहेब, उठा गा जरा, तो तासाचा बाक आहे," की साहेब उठले आणि पुढची दोन वर्षं नियमाने पळत राहिले. बसायला काही मिळालं नाही, पण शुगर उतरली.

मी सहा वर्षं उभ्याने चहा प्यायले. आणि दोन हजार नऊच्या जानेवारीत, पंचेचाळीसाव्या वर्षी, एकोणसाठ मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद! मारोतरावांनी खिशातल्या रुमालाने बाक पुसला हो... "बसा मॅडम." बस्स, एवढंच. विद्यापीठाने पीएच.डी. दिली तेव्हा मला इतकं भरून आलं नव्हतं, आणि तिथे तर खुर्चीवर गादी होती. त्या दिवसापासून सोळा वर्षं मी त्या बाकावर डावीकडून तिसरी बसत आले.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की ते दहा किलोमीटर दहाच होते कशावरून?

तिथेच तर सगळी मेख आहे! घड्याळात उपग्रह नव्हता, म्हणून मारोतरावांनी रस्ता चाकाने मोजला होता. पद्धत अगदी साधी आणि, मी मान्य करते, सुंदर होती. आपल्या मोठ्या, अठ्ठावीस इंची सायकलचं चाक दुकानाच्या फरशीवर एक पूर्ण फेरा फिरवायचं, ते अंतर टेपने मोजायचं. मग चाकाच्या एका तारेला चिंधी बांधायची, चिंधी खाली आली की एक फेरा. शंभर फेरे झाले की तुरीचा एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. बावीस दाणे आणि वर बेचाळीस फेरे म्हणजे पाच किलोमीटर. तिथे बेशाच्या पुढे एक कडुनिंब होता, त्याला चुन्याचा पट्टा ओढला. पट्ट्याला हात लावून परत फिरायचं, की झाले दहा. झाड तोडेपर्यंत दहा-बारा वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या कडुनिंबाला हात लावला. त्याची साल तेवढी एका जागी गुळगुळीत झाली होती.

पण मोजलं तेव्हा मी तिथे नव्हते.

आता अश्विन. बेशाला राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो, मुलगा चांगला आहे, म्हणूनच जास्त राग येतो. गटाचा सेक्रेटरी झाला आणि त्याने कधी कोणी मागितला नव्हता असा तक्ता केला: जुन्या लोकांच्या बेसा रोडवरच्या वेळा एका बाजूला, आणि शहरातल्या मोठ्या स्पर्धेतल्या, पायाला चिप लावून घेतलेल्या वेळा दुसऱ्या बाजूला. आणि रविवारी, सगळ्यांदेखत, "मॅडम, गंमत बघा ना, जो तो स्पर्धेत चार-पाच मिनिटं मागे! सगळेच्या सगळे! असं कसं?"

असं कसं म्हणजे? आम्हाला काय माहीत नव्हतं? वीस वर्षं आम्ही त्याची कारणं काढत होतो! हर्षा म्हणायची गर्दी असते. धर्मेंद्र म्हणायचा, "डांबरावर चांगलं होतं, आता सिमेंटच्या रोडनं गुडघे जाते." मी स्वतः ऊन, आर्द्रता आणि सुरुवातीच्या भाषणांची लांबी यांचा परस्परसंबंध काढला होता. फक्त रस्ता लहान असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. मारोतरावांनी मोजलेला रस्ता लहान कसा असेल?

"मंग आता मोजून टाका ना!" सिंधूताई कढईपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. आता मोजायचं काय? रस्ता चौपदरी झाला, वळण सरळ केलं, कडुनिंब तोडला, खुद्द टपरी दोनदा सरकली. धर्मेंद्र म्हणतो झाड त्या मोबाइलच्या दुकानापाशी होतं, हर्षा म्हणते त्या उंच बिल्डिंगच्या गेटात. दोघांत सहाशे मीटरचं अंतर! मी उपग्रहाची जुनी चित्रंसुद्धा पाहिली. पाहिली म्हणजे चार दिवस भिंग घेऊन पाहिली. हिरवे ठिपके, शेकडो हिरवे ठिपके... चुन्याचा पट्टा आकाशातून दिसत नाही.

आणि अश्विन, अगदी नम्रपणे, हात मागे बांधून: "मॅडम, तुम्हीच शिकवलं ना, पुरावा नाही तर नोंद नाही. मग जुन्या वेळा बाजूला ठेवू या? अन् बाक... तोवर रिकामाच असू दे."

माझंच वाक्य! माझ्याच चहाच्या कपावर आणून आपटलं! मी उठले. उठणं भागच होतं. सोळा वर्षांनी पुन्हा उभ्याने चहा प्यायले, आणि तुम्हाला सांगते, त्याला चव नव्हती.

घरी आले आणि ती चार-पाच मिनिटं डोक्यातून जाईनात. कागद घेतला. फरक सरासरी सात टक्के. सात टक्के... अठ्ठावीस आणि सव्वीसमधला फरक किती? सात टक्के! मारोतरावांच्या घरी दोन सायकली होत्या, त्यांची अठ्ठावीस इंची आणि मुलीची, रितिकाची, सव्वीस इंची लेडीज सायकल. फेरे मोठ्या चाकाच्या हिशेबाने ठरवले आणि प्रत्यक्षात लहान सायकल नेली, तर आमचे दहा किलोमीटर म्हणजे सव्वानऊच्या जरासे वर! माझे एकोणसाठ-अठ्ठेचाळीस म्हणजे खरे चौसष्ट-चोवीस. आणि स्पर्धेतली माझी सर्वोत्तम वेळ किती? चौसष्ट-एकतीस. मी विद्यार्थ्यांना सांगायची की इतका तंतोतंत जुळणारा आकडा दिसला की आधी संशय घ्या. घेतला. जाईना.

मारोतरावांना विचारावं, तर ते दोन वर्षांपूर्वी गेले. म्हणून मी महालात गेले, कौशल्याबाईंकडे. त्यांच्या पत्नी. हातात संत्र्यांची पिशवी, मनात सायकलचं चाक.

"या मॅडम, लय दिवसांनी! आज काहून आठवण आली?"

काय सांगणार? म्हटलं, सहज. सहज म्हणून चहा घेतला, आणि सहज म्हणून विचारलं, सायकली आहेत का हो अजून?

"आहेत ना मागं. जितूले किती डाव म्हटलं, भंगारवाल्याले देऊन टाक, तर तो म्हणते राहू दे, बाबाची आहे."

मुलगा जितेंद्र तिथेच होता. मी विचारलं, रस्ता मोजायला बाबांनी कुठली नेली होती? तो छाती काढून म्हणाला, "मोठीच! बाबा अन् लेडीज सायकलवर? काहीही का काकू!"

"तू पाहिलंस?"

"नाही, मी झोपून होतो."

"अन् काहून नाही नेणार?" कौशल्याबाई उसळल्या. "लहानी हलकी होती. बजारात नेत नव्हते का ते तिले? गुडघे दुखत त्यायचे."

"तुम्ही पाहिलंत?"

"मले का माहीत बापा! पाच वाजता नळ येत जाय, मी पाण्याचा गुंड घेऊन नळावर."

म्हणजे तीन माणसं, आणि तिघांपैकी तिथे कुणीच नव्हतं! मी म्हटलं, सायकली पाहू का? चिंधी असेल ना. ज्या चाकाला चिंधी, ती सायकल. किती सोपं! मागच्या बोळात दोन्ही उभ्या होत्या, एकमेकींना टेकून, धुळीने एकाच रंगाच्या झालेल्या. वाकले. मोठीच्या तारेला चिंधी! जांभळी, विटलेली, गाठ मारलेली. जीव भांड्यात पडला. आणि मग, सवय हो, वाईट सवय, लहानीचं चाक फिरवून पाहिलं.

तिलाही चिंधी.

तीच. जांभळी. तशीच गाठ.

"अवं, दोघींले बांधली होती ना त्यायनं," कौशल्याबाई म्हणाल्या. "आदल्या सांजेले दोन्हीत हवा भरली. माह्या लुगड्याची किनार फाडून दोन तुकडे केले, तुरीचे दाणे दोन वाट्यांत काढले. मी म्हटलं, दोन काहून? तर म्हणे, एक माह्यासाठी अन् एक मॅडमसाठी. मॅडमनं सांगतलं आहे, दोघांनी वेगवेगळं मोजलं तरच ते खरं मोजणं. म्हणे, मॅडमच्या सायकलीचा हिशेब मॅडमच करतीन." आणि मग पदराने हात पुसत, "तुमी आल्याच नाही. मी नळावरून आली तं दोन्ही सायकली फाटकाले टेकवून उभेच होते. म्हणे, येतीन, टाइमाच्या पक्क्या आहेत त्या. मी दुसरा गुंड भरून आली, तं गेले होते. एक सायकल आत होती... कोणती, ते आता का आठवते?"

मी सांगितलं होतं खरं. दोन स्वतंत्र मोजण्या हव्यात, एकट्याची ग्राह्य नाही, असं मीच बजावलं होतं, आणि "मंग तुमीच या ना मॅडम, पाचले," म्हटल्यावर "येते" म्हणालेही होते. डिसेंबर होता. गजर झाला होता. धरमपेठेत त्या पहाटे गोधडी फार ऊबदार होती, आणि मी हात बाहेर काढून गजर बंद केला. पेपर तपासत होते, असं त्यांना नंतर सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला नाही. नुसते म्हणाले, "मोजलं मॅडम. बावीस दाणे, बेचाळीस फेरे. एकट्यानंच." आणि मी, सगळ्यांसमोर, काय म्हणाले असेन? "एकट्याची मोजणी शास्त्रात बसत नाही, पण चालेल."

पण चालेल!

पुढच्या रविवारी टपरीवर आठवड्याचं सांगणं सुरू झालं. माझी पाळी आली. मंगळवारी पाच, गुरुवारी सहा, शनिवारी महाल, असं मी सांगितलं, आणि मग सगळंच सांगितलं, चिंध्या, दाणे, गजर, गोधडी, सगळं. कुणी हसलं नाही. हर्षा म्हणाली, "पट्ट्याला हात लावताना मारोतराव कधी पळत यायचे नाहीत, आठवतं? शेवटची चार पावलं चालत यायचे." मला आठवलं. मी तिथे होते, तेवढ्यापुरती.

मी अश्विनला म्हटलं, तुझा तक्ता बरोबर आहे. पुरावा नाही, नोंद नाही. माझं नाव काढ. मी उभी राहते.

आणि उभी राहिलेही हो, चांगली ताठ, कप हातात घेऊन, एखाद्या पुतळ्याने राहावं तशी! तर अश्विन, तो बिचारा, कावराबावरा झाला, त्याने आपल्या रुमालाने बाक पुसला, अगदी तसाच, आणि म्हणाला, "मॅडम, प्लीज बसा ना. नियमाचं राहू द्या. आता तुमचं वय झालं..."

वय! सिंधूताई कढईवरून ओरडल्या, "बसा ना मॅडम, पोहे थंडे होऊन राहिले!"

बसले. डावीकडून तिसरी. वेळेवर नाही, वयावर. तर्री चांगली होती, खोटं कशाला बोलू? आता दर रविवारी बसते, आणि नोंदवहीत माझ्या नावापुढे अश्विनने वेळ तशीच ठेवून अंतराच्या रकान्यात "मारोतराव" असं लिहिलंय. शास्त्रात बसत नाही, पण चालेल.

बाकी नक्की एवढंच, की त्या पहाटे महालात दोन्ही सायकलींत हवा भरलेली होती. त्यांतली कुठली फाटकाबाहेर पडली... ते मला सांगता येणार नाही. मी तिथे नव्हते.