जावयासाठी भोपळे

साल २०२३. खामगावच्या स्टँडवर माझ्या शेजारी उंद्रीचे कडूबा आणि त्यांची बायको अन्नपूर्णाबाई बसले होते. पायाशी वाळलेल्या भोपळ्यांचं पोतं.

"कोकणात जावयाले कोणी भोपळे नेते का? लोक हासतीन," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"हासू दे. त्याचं जाळं तुटून समुद्रात बुडालं ना?"

"हाव. त्यात कासव अडकून मेलं. आपली पोरगी म्हने, तवापासून तो धड जेवत नाही."

"बुडालेलं जाळं मारतच राह्यते. कुठी हाये समजलं, त काढता येते. नव्या जाळ्याले लांब दोरीनं भोपळा बांधला, त वरतून दिसन."

"त्यायच्याकडं तरंगाचे गोळे नसतीन का?"

"असतीन. आपली अनू विहिरीत पोहाले शिकली, तवा कंबरेले काय होतं?"

"भोपळा."

"बुडाली का?"

"रागानं लग्नाले गेले नाही तुम्ही तिच्या. अन् आता भोपळे!"

"म्हनूनच त. रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

पुढच्या वर्षी अन्नपूर्णाबाई तिथंच भेटल्या. जावयाचं जाळं पुन्हा तुटलं होतं, पण भोपळ्यामुळे दुसऱ्याच दिवशी सापडलं. तो आता सासऱ्याला रोज फोन करतो. कडूबा बांधावर भोपळेच लावतात, आणि भाजीला एकही तोडू देत नाहीत.