मोटारीचे पडदे

तुळजापूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बेंबळी गावचे एक देशमुख नवरा-बायको बसले होते. सोलापूरला नवी मोटार नोंदवायला निघालेले.

"रेडिओ घेऊ. गरम हवेचा हीटर बी घेऊ."

"अवं, बेंबळीत हीटर? मोटारीत भाकरी भाजायच्या का?"

"बरं, ऱ्हायला. पण खिडक्यांना पडदे पायजेतच."

"कशाला?"

"देशमुखाची बायको तू. लोक बघतील."

"वीस वर्सं छकड्यात पडद्याआड बसले. बैलाच्या शेपटीबिगर काय दिसलं न्हाय."

"रीत हाय ती आपली."

"आज येष्टीनं आले, अख्ख्या स्टँडनं बघितलं. झिजले का मी? तुमाला लाज वाटत असंल, तर तुमच्या खिडकीला लावा पडदा."

"बरं बाई, पडदे नगंत. मोठा हॉर्न तरी घेऊ?"

"घ्या की. गावात शिरताना वाजवा. लोकांनी बघायला नगं का?"