पाळण्यावरून फिरवलेलं चुंबक

नळाचा वॉशर घ्यायला हत्यारांच्या दुकानात उभा होतो. माझ्यापुढे एक आजी-आजोबा दुकानदाराशी बोलत होते.

"घरच्या गॅरेजात लोखंड घासतो मी. धूळ ओढायला हे कापडी पिशवीचं यंत्र द्या."

"अहो, पिशवीत ठिणगी गेली म्हणजे? धूळ गोळा करायचीय की शेकोटी पेटवायचीय?"

"आजी बरोबर बोलतायत. ते लाकडाच्या भुशासाठी आहे. तुम्ही हे पाण्याचं न्या. ठिणगी आत जाऊन विझते."

"केवढं धूड आहे हे! माझं टेबल कुठे जाईल?"

"टेबल जाऊ दे कुठेही. धूळ गेल्याशिवाय बाळाला आणणार नाही, असं लेकीने बजावलंय."

"घरात कुठे आहे धूळ? गॅरेजचं दार बंद असतं."

"काल पाळण्यातल्या चादरीवरून चुंबक फिरवलं. हे बघा, कागदात बांधूनच आणलंय."

"बाप रे! याला तर लोखंडाच्या भुग्याच्या मिशा फुटल्यात."

"पाहिलंत? मी नुसता घासतो. कारखान्याची मालकीण ही आहे. पाण्याचंच द्या."

"आजी, यंत्र बसवल्यावर पुन्हा तपासणार?"

"रोज. आणि मिशा दिसल्या तर पाळणा नाही हलवायचा, ह्यांना हलवायचं."

"भाऊ, यातलं पाणी कधी बदलायचं, तेवढं मला नीट समजावून सांगा," आजोबा दुकानदाराला म्हणाले.