नऊ मीटर कापड आणि दहा पोरं

...आणि वर मलाच विचारतात, जगदेवराव, पोरांना तुम्ही बांधून ठेवता की काय. आता तुम्हीच सांगा, एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे असे की खाली बसलो तर उठायला मुहूर्त बघावा लागतो, मी सोळा-सोळा वर्षांच्या घोड्यांना बांधणार? मी काही केलं नाही हो. मी आपला सावकाश माणूस.

झालं काय, इकडं हिंदी मुलखात, गोरखीजवळ आमच्या मराठी समाजाचा हॉल आहे. तिथं अवंतिकाताईंनी शाळा सुटल्यावरचा वर्ग काढला, चार ते सहा, की पोरं इंदरगंजच्या चौकात गाड्यांवर बसून मोबाइल बघतात त्यापेक्षा इथं येतील, काही शिकतील. भली बाई. तिनं काय नाही केलं. पहिल्या दिवशी समोसे ठेवले, चाळीस पोरं. दुसऱ्या दिवशी समोसे नाहीत, तर सहा पोरं, आणि त्यातली दोन समोसे कुठंयत ते विचारायला आलेली. मग कॅरम आणला, चार दिवसांत स्ट्रायकर गायब. मग कोणी साहेब आणले, व्यक्तिमत्त्व कसं घडवायचं ते सांगायला. ते डोळे मिटून तासभर बोलले, डोळे उघडून बघतात तर समोर मी एकटा, आणि मीसुद्धा हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे म्हणून.

हो, किल्ल्या माझ्याकडे असतात. माझा धंदा फेटे बांधायचा, लग्नसराईत नई सडकवरून बोलावणी येतात, एरवी हॉल उघडायचा, झाकायचा.

तर आमचे सचिव महिपतराव, घड्याळाचा माणूस, येऊन म्हणाले, "ताई, तीस तारखेला मी येणार. सहाच्या ठोक्याला दहा पोरं मोजून दिसली तर वर्ग चालू. नाही तर हॉल टेंटवाल्याला खुर्च्या ठेवायला." ताई नुसत्या फळा पुसत राहिल्या, आणि फळ्यावर तर काही लिहिलेलंच नव्हतं... मला ते बघवेना. पण मी काय करणार, मी आपला सावकाश माणूस.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तीस फेट्यांचं काम आणि माझा जोडीदार दिनकरराव तापानं आडवा. आता फेटा बांधायच्या आधी कापडाच्या उभ्या चुण्या घालाव्या लागतात, नऊ मीटर कापड, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, एकट्याचं ते कामच नाही. हॉलच्या कोपऱ्यात वर्गातला संग्रामसिंह मोबाइल घेऊन बसलेला. म्हटलं, "बाळा, एवढं टोक धर." मोबाइल खिशात टाकून त्यानं टोक धरलं, म्हणाला, "दो मिनट हाँ, बाबा, फक्त दोन मिनिटं." दोन मिनिटं! माझ्या एका चुणीला दोन मिनिटं लागतात.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. "बाबा, फोन आ रहा है." म्हटलं, येऊ दे, पण टोक सोडलंस तर चुण्या सुटतील, पुन्हा पहिल्यापासून. पोरगं खिशाकडे असं बघायला लागलं जसं काही आत कोणी अडकलंय. फोन वाजला, वाजला, आणि गप्प झाला. आणि मग, तुम्हाला सांगतो, पोरगं बोलायला लागलं. दोन्ही हात अडकलेले, तोंड मोकळं, करणार काय? गणितात नापास झालोय म्हणाला, वडिलांना सांगितलं नाहीये. मी म्हटलं, हं. दुसरं काय म्हणणार, मला गणितातलं काय कळतंय. पण ऐकायला मला घाई नव्हती, चुण्या अजून अर्ध्याच झालेल्या.

दुसऱ्या दिवशी हात दुखतो म्हणून तो मित्राला घेऊन आला. मित्रानं आणखी कोणाला आणलं. मग अकरावीतली सोनल कमरेवर हात ठेवून उभी, "आजोबा, मुलींनी काय फक्त टोकंच धरायची? बांधायला पण शिकवा ना." शिकवलं. आठवड्यात ती चार मिनिटांत फेटा बांधायला लागली. मला दहा लागतात. मी आपला सावकाश माणूस. आणि हॉलमध्ये नुसता कल्ला, "अबे, खींच मत," "तूच ढिला सोडतोयस," "रुक ना यार, माझी शेवटची चुणी आहे." पण उठून जाईल कोण? एकानं सोडलं की दुसऱ्याचं सगळं सुटतं.

आली तीस तारीख. पावणेसहाला महिपतराव हजर, मोजतात तर पोरं नऊ. नेमका संग्रामसिंह नाही. ताईंचा चेहरा कापडासारखा पांढरा. महिपतराव घड्याळ बघत उभे, आणि सोनलच्या दुसऱ्या टोकाला कोणी नाही. तिनं सरळ टोक त्यांच्या हातात दिलं. "काका, धरा."

"अगं, मी मोजायला..."

"सैल सोडू नका, काका. दोन्ही हातांनी."

सहा वाजले. सव्वासहा. त्यांच्या खिशात फोन वाजला, त्यांनी खिशाकडे बघितलं, सोनलनं त्यांच्याकडे बघितलं, फोन गप्प झाला. आणि साडेसहापर्यंत हा घड्याळाचा माणूस त्या पोरीला सांगत होता की मुलगा पुण्याला असतो, फोन करतो पण बोलत काही नाही. संग्रामसिंह धापा टाकत आला तेव्हा कुठं त्यांना टोक सोडायला मिळालं. उशीर का, तर वडिलांनी गणिताच्या जादा तासाला बसवलेलं. म्हणजे सांगितलं हो त्यानं घरी! मी तोंड फिरवून उगाच एक फेटा झटकला.

महिपतरावांनी वहीत लिहिलं, सहाच्या ठोक्याला हजर दहा. दहावं कोण ते मी विचारलं नाही.

तर वर्ग कायम झाला. आता सोनल सोडून बावीस पोरं येतात. पण कायम झाला म्हणजे समाजाचा कागद आला, आणि कागदात एक रकाना, शिकवणारा किमान दहावी पास. मी तर शाळेची पायरी चढलेलो नाही. ताई बिचाऱ्या बोलायला लाजत होत्या, म्हटलं, त्यात काय, सोनल आहे ना दहावी पास, तिचं नाव घाला. घातलं. मग वर्गात माझं नाव कुठं घालायचं? हजेरीत घातलं, नंबर तेवीस. वर्गाच्या वेळी किल्ल्याही आता सोनलकडेच. काल मला दहा मिनिटं उशीर झाला तर म्हणते, "आजोबा, ऐसे नहीं चलेगा," आणि केलं मला दाराबाहेर उभं.

चांगली शिकवते हो पोरगी. उद्यापासून घरून साडेतीनलाच निघतो.